चिंचोक्यांचें गणित

आपल्या शाळेच्या आवारांतील चिंचेचीं झाडें तुम्हां सर्वांच्या परिचयाचीं आहेत. मधल्या सुटींत त्यांच्या सावलींत डबे उघडतात, आणि उन्हाळा लागून चिंचा पिकल्या म्हणजे शिपायांची नजर चुकवून त्यांवर दगडही पडतात. सन २०२० सालीं मात्र त्या चिंचांवर कोणीं दगड मारला नाहीं. मार्च महिन्याच्या मध्यास कोरोनाच्या साथीमुळें शाळा बंद झाली, आणि २५ मार्चपासून सर्व देशभर टाळेबंदी लागू झाली. पिकलेल्या चिंचा आपोआप गळून पडल्या. आमचें बिऱ्हाड शाळेपासून हाकेच्या अंतरावर असल्यामुळें त्यांतील ओंजळभर चिंचा आमच्या घरीं आल्या. त्यांच्या चिंचोक्यांनीं त्या वर्षीं आम्हांस जो धडा शिकविला, तो आज तुमच्यापुढें व तुमच्या आईबापांपुढें ठेवण्याचा विचार आहे.

गणित हा आमचा विषय नव्हे. मराठी व इतिहास शिकविण्यांत आमची हयात चालली आहे, आणि कॉलेजांत कलाशाखेकडे वळतांना गणिताचा निरोप आम्हीं फारसें दुःख न करितां घेतला होता. परंतु त्या जून महिन्यांत आमची कन्या दहावींत गेली. घरांत मोबाइल एकच, आणि त्यावरील आवाज नीट ऐकूं येई तो फक्त मागील दारच्या पायरीवर. गणिताचे गुरुजी पाठ पाठवीत, ती पायरीवर बसून ऐके, आणि एखादें वाक्य मध्येंच तुटलें कीं तें पुरें करण्याचें काम आमच्याकडे येई. समीकरणें आम्हीं कशींबशीं निभावून नेलीं. पुढें ‘संभाव्यता’ हें प्रकरण आलें.

एखादी गोष्ट ज्या ज्या प्रकारांनीं घडूं शकते, त्या प्रकारांच्या संख्येस एकंदर सर्व प्रकारांच्या संख्येनें भागिलें असतां जो अपूर्णांक येतो, ती त्या गोष्टीची संभाव्यता. मात्र सर्व प्रकार सारख्याच शक्यतेचे असले पाहिजेत. फाशास सहा बाजू असतात. म्हणून सहा पडण्याची संभाव्यता १/६. येथवर आम्हांसही समजलें. परंतु त्या पुस्तकांत पानोपानीं फासे होते, आणि आमच्या घरांत फासा येणें शक्य नव्हतें. आमची आई तेव्हां चौऱ्याहत्तर वर्षांची होती. वधस्तंभाजवळ शिपायांनीं प्रभूच्या वस्त्रांवर चिठ्ठ्या टाकल्या, ही गोष्ट लहानपणीं ऐकल्यापासून असल्या सर्व साधनांविषयीं तिच्या मनांत तिटकारा होता. आम्हीं म्हटलें, “यहूदाच्या जागीं मत्थियास निवडतांना प्रेषितांच्या मंडळींतही चिठ्ठ्याच टाकल्या होत्या.” ती म्हणाली, “त्यांनीं आधीं प्रार्थना केली होती. तूं केलीस का?” आम्ही गप्प राहिलों.

तोड काढली ती कन्येनें. सहा कडांची एक शिसपेन्सिल घेऊन तिच्या सहा बाजूंवर १ ते ६ हे आंकडे तिनें लिहिले, व ती पाटीवर घरंगळत सोडली. हा झाला फासा. नाण्याऐवजीं तिनें चिंचोका घेतला. चिंचोका खडबडीत दगडावर घासला कीं त्याची एक बाजू पांढरी होते व दुसरी काळसर राहते. हा तर आजीच्याच लहानपणचा खेळ. त्यास तिनें हरकत घेतली नाहीं. उलट घासावा कसा हें तिनेंच नातीस दाखविलें.

एके दिवशीं कन्येनें विचारलें, “बाबा, पेन्सिल दोनदां टाकली तर निदान एकदां तरी सहा येण्याची संभाव्यता किती?” आम्हीं तत्काळ उत्तर दिलें, “एकदां टाकल्यास १/६. दोनदां टाकल्यास १/६ अधिक १/६, म्हणजे १/३.” ती कांहीं वेळ पाटीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे सहा वेळां टाकली तर ६/६. सहा वेळांत सहा आलाच पाहिजे. पण आतां मी नऊ वेळां टाकली, एकदांही आला नाहीं.”

आमची बेरीज चुकली होती. दोन वेळां पेन्सिल टाकिली असतां एकंदर ३६ जोड्या संभवतात. पहिल्या खेपेस सहा येणाऱ्या ६ जोड्या, व दुसऱ्या खेपेस सहा येणाऱ्या ६; पण दोन्ही खेपांस सहा, ही जोडी आम्हीं दोनदां मोजली होती. खरें उत्तर १२/३६ नव्हे, ११/३६. त्याहून सोपी वाट गणिताच्या गुरुजींनीं दूरध्वनीवर दाखविली. निदान एकदां सहा येईल का, हें विचारण्याऐवजीं एकदांही येणार नाहीं याचा हिशेब आधीं करा, असें ते म्हणाले. एका खेपेस सहा न येण्याची संभाव्यता ५/६. दोन्ही खेपांस न येण्याची ५/६ गुणिलें ५/६, म्हणजे २५/३६. उरले ११/३६. याच रीतीनें सहा खेपांचा हिशेब केला, तेव्हां निदान एकदां सहा येण्याची संभाव्यता शंभरांत सुमारें साडेसहासष्ट निघाली. शंभरांत शंभर ती कितीही खेपांनीं होत नाहीं.

येथें गुणाकारच कां, असें तुमच्यापैकीं कोणी विचारील. छत्तीस वेळां ही जोडखेळी केली असें समजा. सरासरीनें त्यांपैकीं ३० वेळां पहिल्या खेपेस सहा येणार नाहीं. या ३० पैकीं ५/६ वेळां, म्हणजे २५ वेळां, दुसऱ्या खेपेसही येणार नाहीं. भागाचा भाग काढणें म्हणजेच अपूर्णांकांचा गुणाकार. आणि तो तर आपण सर्व प्राथमिक शाळेंत शिकलों आहों. दोन किंवा अधिक गोष्टी एकत्र घडण्याच्या या हिशेबास संयुक्त संभाव्यता म्हणतात.

चिंचोक्यानें आमची आणखी एक चूक उघडी पाडली. त्यास बाजू दोन, म्हणून पांढरी बाजू वर येण्याची संभाव्यता १/२, असें आम्हीं सांगितलें होतें. कन्येनें एकच चिंचोका शंभर वेळां टाकला व आजीनें खडूच्या रेघा ओढल्या. पांढरी बाजू साठ वेळां वर आली. घासलेली बाजू सपाट, दुसरी फुगीर. दोहोंची शक्यता सारखी असावी कशी? तसे दोन चिंचोके एकदम टाकिले तर दोन्ही पांढरे पडण्याची संभाव्यता शंभरांत २५ नव्हे, तर ६०/१०० गुणिलें ६०/१००, म्हणजे शंभरांत ३६.

येथवर ही करमणूक होती. पुढची गोष्ट करमणुकीची नाहीं.

त्या दिवसांत आपल्या शाळेंतील कांहीं कुटुंबांची रोजमजुरी बंद पडली होती. ख्रिस्ती मंडळीनें जमविलेलें धान्य घरोघर पोंचविण्याचें काम आम्हीं पत्करलें होतें. त्यासाठीं, कधीं भाजी व औषध आणण्यासाठीं, आणि खरें सांगावयाचें तर घरांत बसवत नसे म्हणून, आम्ही रोज एकदां बाहेर पडत असूं. आईस जुना दमा होता. ती कांहीं बोलत नसे. पत्नी बोले, आणि आमचें उत्तर ठरलेलें असे: “एका फेरीनें काय होतें?”

एके सकाळीं पिशवी घ्यावयास गेलों, तों तिच्यावर पाटी ठेविलेली. पाटीवर कन्येच्या अक्षरांत लिहिलें होतें: “एका फेरींत सुरक्षित राहण्याची संभाव्यता ९९/१०० धरली. फेऱ्या चाळीस. ९९/१०० चा चाळीस वेळां गुणाकार, सुमारें ६७/१००.”

आम्हांस प्रथम राग आला. पोटच्या पोरीनें बापास पाटीवर हिशेब लिहून दाखवावा, हें रुचलें नाहीं. शंभरांत एक हा तिचा केवळ अंदाज आहे, असें आम्हीं बजावलें. आणि तें खरेंही होतें. परंतु पिशवी घेऊन फाटकापर्यंत गेलों व तेथें पाय अडले. आंकडा कोणताही धरला तरी गुणाकाराची दिशा बदलत नव्हती. एका फेरीनें काय होतें, या प्रश्नाचें उत्तर पाटीवर होतें. एका फेरीनें फारसें कांहीं होत नाहीं. पण आम्ही एक फेरी करीतच नव्हतों. रोज आम्ही पहिली फेरी समजून बाहेर पडत होतों, आणि घरांत बसलेल्या म्हातारीच्या खातीं चाळिसावी जमा होत होती.

त्या दिवसापासून आम्हीं आठवड्याची एक फेरी ठरविली. धान्य, भाजी, औषध सर्व एकाच खेपेस. चाळीस दिवसांत सहा फेऱ्या. त्याच अंदाजानें सुरक्षिततेचा आंकडा ६७ वरून ९४ वर आला. धान्य एकाही घरीं कमी पोंचलें नाहीं.

या यशानें आम्ही फुशारून गेलों व आपण होऊन पुढचा हिशेब मांडला. घरांत माणसें चार. प्रत्येकाची संभाव्यता ९४/१००. चौघेंही सुरक्षित राहण्याची ९४/१०० चा चार वेळां गुणाकार, म्हणजे सुमारें ७८/१००. कन्येनें पाटी पाहिली व मान हलविली.

“बाबा, एकाचा दुसऱ्याशीं संबंध नसेल तेव्हांच असा गुणाकार करायचा. आजी उंबऱ्याबाहेर जातच नाहीं. तुम्ही नीट राहिलांत तर आम्ही तिघीही नीट राहूं. तुम्हांला झालें तर आम्हांलाही होईल. आपण चौघें वेगवेगळे चिंचोके नाहीं.”

गणितांत हीच गोष्ट अशी सांगतात. दोन घटना परस्परांपासून स्वतंत्र असतील, तर त्यांच्या संभाव्यता सरळ गुणाव्या. तशा नसतील, तर पहिली घटना घडली असें धरून दुसरीची संभाव्यता नव्यानें काढावी व मग गुणावी. मडक्यांत पांच चिंचोके आहेत व त्यांपैकीं दोहोंवर खूण आहे. न पाहतां एकामागून एक दोन काढले, व पहिला परत टाकला नाहीं, तर दोन्ही खुणेचे निघण्याची संभाव्यता २/५ गुणिलें १/४, म्हणजे १/१०. पहिला खुणेचा निघाल्यामुळें मडक्यांतील स्थिति बदलली. दुसरा आतां पूर्वीचा २/५ राहिला नाहीं. घरांत तर एकाच मडक्यांतलें पाणी सर्व पितात. तेथें एकाची स्थिति बदलली कीं सर्वांची बदलते.

हा भेद न पाहतां केलेला गुणाकार किती घातक होतो, याचें एक उदाहरण इंग्लंडांत घडलें आहे. एका मातेचीं दोन तान्हीं मुलें, एक १९९६ सालीं व दुसरें १९९८ सालीं, अकस्मात् दगावलीं. तिनेंच तीं मारलीं असा तिच्यावर आरोप आला. अशा घरांत तान्हें मूल अकस्मात् दगावण्याची संभाव्यता ८,५४३ मध्यें एक आहे, तेव्हां दोन मुलें तशीं दगावण्याची सुमारें सात कोटी तीस लाखांत एक, अशी साक्ष एका नामांकित वैद्यानें न्यायालयांत दिली. म्हणजे ८,५४३ ला ८,५४३ नीं गुणिलें. परंतु तीं एकाच आईबापांचीं, एकाच घरांतलीं भावंडें. एकास कांहीं जन्मजात दोष असेल तर तो दुसऱ्यासही असण्याचा संभव अधिक. १९९९ सालीं त्या मातेस जन्मठेप झाली. २००१ सालीं तेथील राजमान्य सांख्यिकी संस्थेनें हा गुणाकार निराधार असल्याचें जाहीर रीतीनें कळविलें. २००३ सालीं, एका मुलाच्या तपासणीचे दडून राहिलेले वैद्यकीय कागद पुढें आल्यावर, ती निर्दोष सुटली. मुलें गेलेल्या आईनें तीन वर्षांहून अधिक काळ तुरुंगांत काढला होता. पाटीवरील आमची चूक त्याच जातीची होती.

ऑगस्ट महिन्यांत शाळेचे एक जुने शिपाई वारले. ज्यांनीं चिंचा राखतांना तुमच्यापैकीं कित्येकांच्या वडिलांस पिटाळलें असेल, तेच हे. मृत्यु हृदयविकाराचा, पण त्या दिवसांत मृत्यूचें कारण कोणी विचारीत नसे, दारच लावून घेत. त्यांचा मुलगा आमच्या वर्गांतला. त्यानें दूरध्वनी केला: “सर, खांदा द्यायला माणसं नाहींत.” अंत्यविधीस वीस माणसांची परवानगी होती. बाराही जमण्याची आशा नव्हती.

आम्ही उठलों. कन्या दारांत उभी होती. तिनें एवढेंच विचारलें, “आजीचें काय?”

या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. त्या मुलास नाहीं म्हणणें शक्य नव्हतें, आणि आईस धोक्यांत घालण्याचा अधिकारही आम्हांस नव्हता. हिशेबानें आम्हांस जा असें सांगितलें नाहीं, जाऊं नका असेंही सांगितलें नाहीं. गेल्यास त्याची किंमत कोण भरील, एवढें मात्र त्यानें स्पष्ट दाखविलें. शेवटीं आईच आंतून म्हणाली, “जा. पण लगेच घरीं येऊं नकोस.” तिनें गणित शिकल्यावांचून तेंच उत्तर काढलें होतें. चार चिंचोके एकमेकांस चिकटलेले असतील, तर टाकावयाचा तो आधीं वेगळा करावा.

आम्हीं खांदा दिला. तेथून परस्पर शाळेंत गेलों. मुख्याध्यापकांनीं ग्रंथालयाशेजारची एक वर्गखोली उघडून दिली, आणि तींत आम्हीं चौदा दिवस काढले. दोन बांकें जोडून अंथरूण केलें. कन्या रोज दुपारीं जेवणाचा डबा पायरीवर ठेवून मागें सरे व चिंचेखालीं उभी राही. डब्याबरोबर एक चिठ्ठी असे, तींत एक उदाहरण असे, आणि रिकाम्या डब्याबरोबर आमचें उत्तर जाई. बहुधा तें चुकलेलें असे.

ग्रंथालयांतील पुस्तकें चाळतांना एक गोष्ट हातीं लागली. संभाव्यतेचें शास्त्र ज्या चर्चेंतून जन्मास आलें, ती चर्चाही अशीच दुरून, पत्रांतून झाली होती. सन १६५४ च्या उन्हाळ्यांत पॅरिसमध्यें असलेले ब्लेझ पास्काल व शेंकडों मैल दूर तुलूझ येथील न्यायाधिकारी पिएर द फर्मा यांनीं एकमेकांस पत्रें लिहिलीं. त्याच्या आदल्याच वर्षीं तुलूझमध्यें प्लेगची सांथ आली होती. फर्मा आजारी पडले, ते वारले असें वृत्तही पसरलें, व मागाहून तें चुकीचें ठरलें. तो माणूस त्या आजारांतून उठला नसता, तर पास्कालांच्या पत्रास उत्तर कोणीं दिलें असतें?

त्या पत्रांतील एक प्रश्न आम्हीं चिठ्ठीवर लिहून कन्येस धाडला. दोघे खेळाडू प्रत्येकीं ३२ नाणीं मांडून खेळावयास बसतात. जो आधीं तीन डाव जिंकील त्यानें सर्व ६४ नाणीं न्यावयाचीं. एकाचे दोन डाव झाले आहेत, दुसऱ्याचा एक. आणि खेळ मध्येंच मोडावा लागला. नाणीं कशीं वांटावीं? दुसऱ्या दिवशीं डब्याबरोबर उत्तर आलें: “मागें असलेल्यास पुढचे दोन्ही डाव लागोपाठ जिंकावे लागतील. १/२ गुणिलें १/२, म्हणजे १/४. त्याला १६, दुसऱ्याला ४८.” पास्कालांचेंही उत्तर हेंच आहे. खालीं तिनें आणखी एक ओळ लिहिली होती: “आजी बरी आहे. तिला चिंचोका घासायला नवीन दगड हवा आहे.” ती चिठ्ठी आम्हीं जपून ठेविली आहे.

कन्येच्या शालान्त परीक्षेचाही डाव असाच मध्यें मोडला. एप्रिल २०२१ मध्यें, सांथीची दुसरी लाट भरांत असतां, ती परीक्षा रद्द झाली, व नववीचे आणि दहावीचे अंतर्गत गुण धरून निकाल लागला. त्या महिन्यांत निकालाचा विचार करण्यास कोणास सवड नव्हती. आपल्या शाळेच्याही कांहीं घरांतून माणसें गेलीं. त्यांचीं मुलें हा अंक वाचतील, म्हणून पुढील शब्द आम्ही जपून लिहितों.

आमची आई वांचली, यासाठीं आम्ही देवाचे उपकार मानतों. ती आमच्या हिशेबामुळें वांचली, असें मात्र आम्ही कधींही म्हणणार नाहीं. ज्या घरांनीं आमच्याहून अधिक जपणूक केली, त्यांतील कित्येकांवर घाला पडला. आणि कांहीं बेफिकीर माणसें सुखरूप राहिलीं. ९४ अनुकूल असले तरी ६ उरतातच, आणि ते कोणाच्या वांट्यास येतील हें सांगण्याचें सामर्थ्य कोणत्याही गुणाकारांत नाहीं. ज्यांच्या घरीं दुःख झालें, त्यांचें कांहीं चुकलें असा अर्थ त्यांतून काढणें हा अन्यायही आहे व वाईट गणितही आहे. जें आपल्या हातीं नाहीं त्याचा भार आपल्यावर नाहीं. जें हातीं आहे, म्हणजे किती वेळां आपण दुसऱ्याच्या जिवावर ‘एकदांच’ म्हणतों, तेवढें मोजणें आपलें कर्तव्य आहे.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या पुस्तकांतील फासे व नाणीं परीक्षेपुरतीं नाहींत. एकदां शिरस्त्राणाशिवाय दुचाकीवर बसलों, एकदां भर पुरांत नदींत उतरलों, एकदां अभ्यास बुडविला, असें आपण म्हणतों, आणि तें ‘एकदां’ चाळीस वेळां म्हणतों. आणि पालकहो, आपलीं मुलें आपल्यापासून स्वतंत्र घटना नव्हेत. घरांत एकाच्या वागण्यानें सर्वांचे आंकडे बदलतात.

त्या चिंचोक्यांपैकीं दोन अद्याप आमच्या टेबलाच्या खणांत आहेत. वर्गांत कोणी “सर, एकदां केलें तर काय होतें?” असें विचारलें, कीं आम्ही त्यांतला एक त्याच्या हातांत देतों, आणि तो शंभर वेळां टाकून रेघा ओढावयास सांगतों.